ओढेल खरं, पण आवरेल का? लहान ट्रकमागे जड ट्रेलर जोडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे लहान ट्रक म्हणजे पिकअप किंवा त्याच्या जवळपासचं वाहन. ट्रेलर म्हणजे ट्रकच्या मागच्या बॉलवर ज्याचं तोंड बसतं असा, एका किंवा दोन ॲक्सलचा. मोठ्या मालवाहू ट्रेलरचे नियम वेगळे असतात, ते इथे नाहीत.

माझ्या ट्रकची ओढण्याची क्षमता ३००० किलो आहे. मग २६०० किलोचा ट्रेलर बिनधास्त जोडू ना?

आधी एक बेरीज करा. ३००० हा आकडा ट्रक जवळपास रिकामा आहे असं धरून काढलेला असतो. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकाप्रमाणे चाचणी होते. त्यात लहान ट्रकमध्ये चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलोचे, आणि जोडणीचं थोडं सामान इतकंच धरतात. तुमच्या ट्रकमध्ये मात्र चार माणसं बसणार, मागे हत्यारांची पेटी असणार.

समजा ट्रकची स्वतःवर भार वाहण्याची मर्यादा ६५० किलो आहे. २६०० किलोच्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १२ टक्के बॉलवर येतं, म्हणजे ३१२ किलो. चार माणसांचे २८० किलो. हिच (ट्रकमागची जोडणी, जिच्यावर बॉल बसतो), दोर, जॅक, हत्यारं मिळून ९०. बेरीज झाली ६८२. ओढण्याच्या मर्यादेत ४०० किलो शिल्लक आहेत, आणि ट्रक मात्र ३२ किलोने जास्त भरलाय. हौद्यात अजून एक पिशवीसुद्धा ठेवलेली नाही.

लहान ट्रकच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा दिसतं. इंजिनाची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी मागचा ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांची मर्यादा संपते. जाहिरातीत इंजिनाचाच आकडा मोठ्या अक्षरात असतो, म्हणून लोक फसतात.

हे आकडे सापडतात कुठे?

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर किंवा पत्र्याची पट्टी असते. बाकीचं मालकाच्या पुस्तिकेत. तुम्हाला चार गोष्टी हव्यात: भरलेल्या ट्रकचं कमाल वजन, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचा कमाल भार, ट्रक आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि बॉलवर चालणारा कमाल भार. काही ठिकाणी रिकाम्या गाडीच्या वजनातच चालकाचे ७५ किलो धरलेले असतात, काही ठिकाणी नसतात. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते बघून मगच बेरीज करा.

मागाहून बसवलेला लोखंडी बंपर, छतावरचं कॅरिअर, हौद्यावरचं झाकण, हे सगळं भार वाहण्याच्या मर्यादेतून वजा होतं. आणि साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा हीच तुमची खरी मर्यादा. ट्रक ३००० ओढत असेल आणि बॉलवर २००० चा शिक्का असेल, तर तुम्ही २००० च ओढू शकता.

ट्रेलरचं किती वजन बॉलवर असावं?

भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के. युरोपात ट्रेलरची आणि हिचची घडणच वेगळी असते, त्यामुळे तिथे याहून कमी टक्के सांगतात. ट्रक, हिच आणि ट्रेलर या तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, ती पाळायची.

बॉलवर भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. जास्त झाला की ट्रकचं नाक वर उचललं जातं. दुसरी गोष्ट थोडी समजून घ्या, कारण इथे तरफेचा खेळ आहे. ट्रकच्या दोन ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे असं धरा. बॉलवर ३०० किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर ३०० येत नाहीत, ४२० येतात. वरचे १२० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. म्हणजे जी चाकं गाडी वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलतात, त्यांचीच रस्त्यावरची पकड ढिली होते. स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं, रात्री समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जातात. लहान ट्रकच्या दोन ॲक्सलमधलं अंतर कमी, म्हणून त्याला हा त्रास मोठ्या ट्रकपेक्षा जास्त.

बॉलवरचं वजन घरच्या घरी मोजता येतं का?

येतं. माणसांचं वजन करायचा साधा काटा पुरतो. ट्रेलरच्या तोंडाचं वजन काट्याच्या क्षमतेपेक्षा कमी असेल तर काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि तोंड त्यावर टेकवा. जास्त असेल तर फळीची युक्ती करा. काट्याच्या उंचीइतकी वीट घ्या. विटेवर एक जाड फळी टेकवा, तिचं दुसरं टोक काट्यावर. विटेच्या टेकूपासून ३० सेंटिमीटरवर आणि काट्याच्या टेकूपासून ६० सेंटिमीटरवर ट्रेलरचं तोंड येऊ द्या. टेकू पसरट नको. फळीखाली दोन्हीकडे एकेक पाइपचा तुकडा आडवा ठेवला की अंतर नेमकं मोजता येतं. आता काट्यावर दिसेल त्याला ३ ने गुणा. काट्याने ९५ दाखवले तर बॉलवर २८५ किलो.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. ट्रेलर प्रवासात जसा भरलेला असेल तसाच भरलेला हवा. त्याची पातळी ट्रकला जोडल्यावर असते तितकीच हवी, कारण तोंड वर-खाली झालं की वजन बदलतं. आणि चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावल्याशिवाय या कामाला हात घालू नका.

आणि सगळ्याचं वजन?

त्याला वजनकाट्यावरच जावं लागतं. एकदा फक्त ट्रक, नेहमीची माणसं आणि सामान घेऊन. मग ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त ट्रकची चाकं. शेवटी दोन्ही मिळून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की बॉलवरचा भार मिळतो, तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन. ट्रेलरवर लिहिलेलं रिकामं वजन आणि तुमचा अंदाज यांच्या भरवशावर राहू नका. आजवर काट्यावर गेलेल्या ओळखीच्या लोकांपैकी ‘माझ्या अंदाजापेक्षा कमी भरलं’ असं सांगणारा मला क्वचितच भेटला.

ट्रकची मागची बाजू बसते. जादा कमानपाटे किंवा हवेच्या बॅगा टाकल्या तर?

मागची बाजू वर येईल, एवढंच. पुढच्या चाकांवरून गेलेला भार परत येत नाही आणि ट्रकची कमाल मर्यादाही वाढत नाही. चेसिस, ॲक्सल, टायर, ब्रेक सगळं तेच असतं. उलट आधी ट्रक बसलेला दिसायचा तेव्हा निदान कळायचं तरी.

मग पुढचा भार परत कसा आणायचा?

त्यासाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच असते. तिचे दोन मजबूत स्प्रिंग बार ताणले की बॉलवरच्या भाराचा काही भाग ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर जातो. ती नीट लागली की नाही, हे टेपने मोजता येतं. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. समजा ९० सेंटिमीटर आहे. ट्रेलर जोडल्यावर ती ९४ झाली, म्हणजे नाक ४ सेंटिमीटर उचललं गेलं. बार ताणून ती ९२ च्या आसपास आणायची. उचललेल्यापैकी निम्मं परत आणा असं बरेच उत्पादक सांगतात. तुमची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर पुस्तिकेचं ऐका. ९० च्या खाली मात्र आणू नका, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू सरकते.

ही हिच ट्रकची ओढण्याची क्षमता वाढवत नाही. काही गाड्यांना ती चालतच नाही, आणि ट्रेलरने ट्रकला मागून रेटलं की धक्क्याने लागणाऱ्या ब्रेकच्या ट्रेलरवर ती बसवण्याआधी दोन्ही उत्पादकांचा होकार लागतो.

बॉल जवळपास बसतोय. चालेल?

नाही. २ इंची बॉलवर २ ५/१६ इंचाचं कपलर (ट्रेलरच्या तोंडातली, बॉलवर बसणारी वाटी) सहज बसतं, खटकाही लागतो, अंगणात सगळं ठीक वाटतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते बॉलवरून उडतं. बॉलवरचा आणि कपलरवरचा आकडा वाचून जुळवा. खटका लावल्यावर ट्रेलरच्याच जॅकने तोंड वर उचलायचा प्रयत्न करा. ट्रकची मागची बाजू सोबत वर आली तर कपलर बॉलला धरून आहे. वीस सेकंदांचं काम आहे, दर वेळी करा.

सुरक्षेच्या साखळ्या फुलीसारख्या, एकमेकींवरून आडव्याच का बांधायच्या?

कपलर सुटलं तर तोंड जमिनीत रुतण्याऐवजी फुलीच्या झोळीत पडावं म्हणून. वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवा, पण रस्त्याला घासू देऊ नका.

ट्रकचे ब्रेक चांगले आहेत. ट्रेलरला वेगळे कशाला?

ट्रकचे ब्रेक ट्रक थांबवायला केलेले आहेत. मागून २६०० किलो ढकलत असतात तेव्हा ते दुप्पट काम करतात. वेगाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० ने चाललात तर ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तुमच्याकडे कायदा सैल असला तरी हा आकडा डोक्यात ठेवा.

ब्रेकचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एकात ट्रेलर ट्रकला मागून रेटतो तेव्हा तोंडातली दांडी दाबली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. दुसरे इलेक्ट्रिक, त्यांना ट्रकमध्ये कंट्रोलर लागतो. जड ट्रेलर आणि लहान ट्रक असेल तर मी इलेक्ट्रिकच निवडेन, कारण त्यात ट्रकच्या ब्रेकला हात न लावता एकट्या ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. ते किती मोलाचं आहे ते पुढे हेलकाव्यांच्या उत्तरात कळेल. कंट्रोलर लावताना मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या आसपास जा आणि हाताने ट्रेलरचा ब्रेक लावा. चाकं अडकून घसरत असतील तर जोर कमी करा, ट्रेलर नुसताच मागून येत असेल तर वाढवा. भार बदलला की ही जुळणी पुन्हा करायची.

ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी एक बारीक तार असते. ती साखळीला किंवा हिचला न बांधता ट्रकच्या चेसिसला वेगळी बांधा. तिची छोटी बॅटरी उतरलेली असेल तर ती तार म्हणजे नुसता दोरा आहे.

सामान कसं भरायचं?

जड ते खाली आणि ॲक्सलच्या जवळ, थोडं पुढे. एकूण भाराचा साधारण ६० टक्के भाग ॲक्सलच्या पुढे असू द्या, आणि मग बॉलवरचं वजन मोजून खात्री करा. डावी-उजवी बाजू सारखी. पाण्याची टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि अर्ध्या टाकीतलं पाणी प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला आपली जागा बदलतं.

ट्रेलर हेलकावे खायला लागला तर काय करायचं?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येत असतील तर तेवढेच हळूच लावा. ट्रकचा ब्रेक दाबू नका आणि हेलकाव्यांच्या उलट स्टिअरिंग फिरवू नका.

हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण मी त्यातून गेलोय. सपाट, सरळ रस्ता, हलका उतार, मागे एक लहान खोदाई यंत्र. यंत्र ट्रेलरवर चढवताना मी ते एक हात मागे ठेवलं होतं, कारण तिथे साखळ्या बांधायला सोपं पडत होतं. तासभर काहीच झालं नाही. मग एक मोठी बस बाजूने पुढे गेली. तिच्या हवेने आधी ट्रेलर बाहेर ढकलला, मग आत ओढला. आरशात ट्रेलरचा डावा दिवा दिसला, लगेच उजवा, पुन्हा डावा. सीटखालून कोणीतरी ट्रकची मागची बाजू धरून हलवतंय असं वाटत होतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. पाय आपोआप ब्रेककडे गेला होता, तो मी कसाबसा आवरला आणि बोटांनी ट्रेलरच्या ब्रेकची कळ दाबली. तीन-चार झोक्यांत ट्रेलर ताणून सरळ झाला. कडेला थांबल्यावर स्टिअरिंगवरचे हात सुटेनात. यंत्र एक हात पुढे घेतलं आणि उरलेल्या रस्त्यात तोच ट्रेलर निमूट मागून आला.

ट्रकचा ब्रेक दाबल्यावर ट्रक मंदावतो आणि ट्रेलर त्याला मागून कोपऱ्यात ढकलतो, म्हणून झोका वाढतो. स्टिअरिंग फिरवायला माणसाला नेहमी थोडा उशीर होतो, आणि उशिरा दिलेला झटका पुढच्या झोक्याला बळ देतो. काही जण वेग वाढवून ट्रेलर ताणायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. हेलकावे वेगाबरोबर वाढतात, आणि एका ठरावीक वेगाच्या पलीकडे ते स्वतःहून थांबत नाहीत.

एकदा हेलकावे आले की तसंच पुढे जायचं नाही. सुरक्षित जागी थांबून भार, टायरची हवा, कपलर तपासा. हेलकावे रोखणारे घर्षणाचे बार उपयोगी आहेत, पण चुकीच्या भरण्यावर ते औषध नाही.

घाट उतरताना?

उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपास उतरा. ब्रेकवर पाय ठेवून सतत घासत राहिलात तर ते तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वेग वाढला की घट्ट दाबून ताशी ८ ते १० किलोमीटरने कमी करा आणि पूर्ण सोडा. ब्रेकना निवायला वेळ मिळतो. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका.

आणि चढताना?

टो मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची सेटिंग) असेल तर लावा, नसेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद. गिअर सारखा वर-खाली होत राहिला की गिअरबॉक्सचं तेल तापतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला तर वेग कमी करून खालच्या गिअरमध्ये जा. उंचीवर हवा विरळ होते, टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला जवळपास १० टक्के ताकद गमावतं. डोंगराळ भागात जायचं तर भार ठरवतानाच ही घट धरा.

ट्रेलरच्या टायरचं काय बघायचं?

हवा, वय आणि वेग. ट्रेलरच्या खास टायरमध्ये हवा साधारणपणे टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी, टायर थंड असताना भरतात. कमी हवेचा टायर आतल्या आत तापतो आणि फुटतो. ट्रेलर वर्षातून महिनोन्महिने उभा असतो, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. कडेवर चार आकडे शोधा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षीकडे न बघता बदला. अशा बऱ्याच टायरची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच असते. स्टेपनीचंही वय बघा.

वेग किती ठेवू?

कायदा देईल त्याच्या आत, आणि ताशी ८० ते ९० च्या वर जायचं कारण मला तरी सापडलेलं नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर.

रिव्हर्स घेताना सगळं उलटं होतं. युक्ती आहे का?

हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची तिकडे हात सरकवा. थोडंच फिरवा आणि वाट बघा; ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन वळतो. ट्रक आणि ट्रेलर यांच्यात कोन जास्त झाला तर रिव्हर्समध्ये सुधारायचा हट्ट करू नका. पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे. मागे उभं राहून सांगणारा माणूस तुम्हाला आरशात दिसत नसेल तर थांबा, तो दिसेपर्यंत हलू नका.

थोडंसं जास्त भरलं तर चालतं ना? जवळच जायचंय.

नाही. ब्रेक लांबच्या प्रवासातच लागतात असं नाही, पहिल्याच चौकात कुणी आडवं येऊ शकतं. दोन फेऱ्या करा, किंवा एका दिवसासाठी मोठा ट्रक भाड्याने घ्या. तुमच्या मागच्या गाडीत कोण बसलंय हे तुम्हाला माहीत नसतं.

निघाल्यावर पहिल्यांदा कुठे थांबायचं?

पंधरा-वीस किलोमीटरवर. दोर आणि साखळ्या पुन्हा ताणा, कपलर बघा, दिवे बघा. प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंगचं ग्रीस संपलंय किंवा ब्रेक धरून बसलाय. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर ८० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळा, टॉर्क पान्याने. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा. ट्रेलर पाण्यात उतरत असेल तर त्याहून लवकर.

ट्रेलर सोडवताना क्रम कोणता?

आधी सपाट जागा. मग चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके. त्यानंतरच जॅक खाली, मग वायर आणि तार काढायची, मग खटका, मग तोंड वर उचलून बॉल मोकळा. साखळ्या सगळ्यात शेवटी, ट्रेलर आपल्या जागी स्थिर आहे हे दिसल्यावर.